खाजण्यांची बोली

सातशे बारा पानांचं पुस्तक, मुलांसाठी,
मूळ बर्फाच्या देशातलं.
डिचोलीत बसून मी ते मराठीत आणत होतो,
रोज चार पानं.
खाणीचे ट्रक थांबल्यापासून
खिडकी उघडी ठेवता येते.

आत शिरताच नकाशा.
वर उत्तर: किल्ले, घंटा, गोरी राजकन्या,
प्रत्येक ओढ्याला नाव.
खाली दक्षिण, नुसता चिखल,
आणि चिखलात तिरक्या अक्षरांत
'इथे ते राहतात'.

ते, म्हणजे काळे, बुटके,
अंगाला मासळीचा वास.
त्यांच्याकडे गाणी नाहीत, ढोल आहेत.
राजा नाही, टोळी आहे.
तिसऱ्या भागात ते शंभरानं मरतात
आणि पुढच्याच ओळीत लेखक
राजकन्येच्या घोड्याचं खोगीर रंगवत बसतो.

मी त्यांना 'खाजणे' म्हटलं.
शब्द आपला, चिखलाला शोभणारा.

आणि चिडलो. समासात पेन्सिलनं लिहिलं:
हे आपण आहोत.
प्रस्तावनेसाठी टिपणं काढली,
नकाशा कोण काढतो, चिखल कुणाच्या वाट्याला येतो;
आमच्याकडेही आले होते म्हटलं नकाशे घेऊन,
साडेचारशे वर्षं हलले नाहीत.
फार बरं वाटलं.
त्या रात्री हुमणाबरोबर भात जरा जास्तच गेला.

शेजारची युगा, वय अकरा,
सुट्टीत माझी वही वाचायला घेऊन गेली.
तिसऱ्या दिवशी पायरीवर बसून म्हणाली,
"काका, सगळे पुस्तकासारखं बोलतात.
घोडासुद्धा.
मग हे खाजणेच आवडूबायसारखे का बोलतात?"

आवडूबाय बाजारात बांगडे विकते.
भाव पाडलात तर तुमच्या खानदानाची चौकशी करते.

मी पान काढलं.
नदीच्या उताराशी एक खाजणा पहाऱ्यावर आहे,
मुळात तो मोडकंतोडकं गुरगुरतो.
माझ्या अक्षरात तो म्हणत होता,
"आमी हांगाचीं. तूं खंयची गो?"

मला कुणी सांगितलं नव्हतं तसं करायला.
पुण्याहून संपादकांचा फोन आला होता तेवढा,
राक्षसांची भाषा काय गमतीदार उतरलीय हो!
आणि मी,
ज्याची आई याच भाषेत रागवायची
आणि याच भाषेत निजवायची,
मी थँक्यू म्हणालो होतो.

सदुसष्टच्या कौलात बाबांनी शिक्का मारला फुलावर,
आईनं दोन पानांवर.
आणि दोघं एकाच सायकलवरून घरी आली.
तेव्हापासून आमच्याकडे
पेपर वाचायचा आवाज एक,
मीठ मागायचा दुसरा.
त्यातला कुठला राक्षसाला द्यायचा
ते माझ्या हातानं परस्पर ठरवून टाकलं.

आठवडाभर खोडत बसलो.
खाजण्यांना शुद्ध मराठी दिली,
तर ते मामलेदार कचेरीतले झाले:
'सदर नदी ओलांडण्यास सक्त मनाई आहे.'
राजकन्येला कोंकणी देऊन पाहिली.
युगा हसून हसून पायरीवरून घसरली.

मग तिनं विचारलं, ते खातात काय?
पान तीनशे चाळीस.
बांधावर मीठ लावून मासे वाळत घालतात.
लेखकाला तिथे ओकारी येते, दोन परिच्छेद.
"शी काय त्यात?" युगा म्हणाली,
"नार्व्याला माझ्या मामाकडे तेच करतात.
मानशीपाशी."
आणि माझीच पेन्सिल घेऊन
नकाशातल्या चिखलात
तिनं एक मानस काढली, दोन फळ्यांची,
भरतीला मिटणारी.

पहारेकऱ्याची ओळ मी शेवटी तशीच ठेवली.
चुकत असेन.
युगानं ती बोटानं दोनदा वाचली,
तूं खंयची गो?
"मग ती काय उत्तर देते?"

उत्तर नाहीये ग,
मुळातच नाही.
ती थेट तलवार काढते.